समुद्र आत येतोय आणि गावाचा आराखडा आमच्या भाच्याच्या गळ्यात

सीनाकाठ (धागाकर्ता)

विषय सोलापूरचा नाही, पण माणूस सोलापूरचा आहे, म्हणून या सोलापूरकरांच्या मंचावरच टाकतोय.

भाचा मोहोळचा. ग्रामसेवक झाला (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) आणि नेमणूक मिळाली रत्नागिरी जिल्ह्यात, अगदी किनाऱ्यावरच्या गावात. गावाचं नाव देत नाही, नोकरीतला माणूस आहे. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा करायचाय आणि ग्रामसभेत दर वेळी एकच विषय निघतो. पुळणीवरचं (किनाऱ्याच्या वाळूवरचं) सुरूचं बन दर पावसाळ्यात थोडं थोडं समुद्रात पडतंय. खालच्या वाडीतल्या विहिरी मचूळ झाल्यात. मोठ्या उधाणाला पाणी घरांच्या जोत्याला लागतं. लोक म्हणतात, बंधारा लिहा. आधीचा दगडी बंधारा आहेच, तो मध्यावर खचलाय.

मला फोन केला, "मामा, तुम्ही जिल्हा परिषदेत नोकरी केली, काय लिहू सांगा." मी आयुष्यभर टँकर आणि चारा छावण्यांचे कागद रंगवले, समुद्राचं मला काय कळणार! तरी मत देतो. बंधारा डोळ्यांना दिसतो, म्हणून मागितला जातो. खालच्या वाडीनं पुढची वीस-तीस वर्षं कुठे राहायचं हा खरा प्रश्न आहे, आणि त्याला आराखड्यात रकानाच नाही. ग्रामपंचायतीच्या हातात यातलं नेमकं काय आहे? जाणकारांनी लिहा. बाकीचेही लिहितीलच, थांबणारे थोडेच आहेत इथे.

कडकभाकरी

आपल्याकडं समुद्र आला तर निदान नळाला रोज पाणी येईल. चार-पाच दिसाआड भांडी भरून ठेवायची कटकट जाईल.

चाटीगल्ली

खारट येईल बे.

कडकभाकरी

चालतंय की. भाकरीच्या पिठात मीठ घालायचं वाचलं.

माहेर_वेंगुर्ले

चेष्टा चालू द्या, सासर जुळे सोलापूर असल्यानं सवय आहे मला.

सीनाकाठ काका, बंधाऱ्याचं सांगते. लाट उभ्या दगडावर आपटते आणि मागे फिरताना पायथ्याची वाळू ओढून नेते. वाळू गेली की दगड खाली बसतात. तुमच्या भाच्याचा बंधारा मध्यावर खचलाय तो बहुधा असाच. आणि बंधारा जिथे संपतो, तिथून पुढची पुळण जास्त कापली जाते. आमच्या वाडीला बंधारा झाला, मग शेजारच्या वाडीची माडं पडायला लागली, मग त्यांनी बंधारा मागितला. हे असं किनाराभर चालू आहे.

रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचं उदाहरण सगळ्या कोकणाला माहीत आहे. वर्षानुवर्षं डागडुजी झाली. आशियाई विकास बँकेच्या कर्जातून समुद्रात आडवा रीफ (पाण्याखालचा बांध) आणि किनाऱ्यावर वाळूचा भराव असा वेगळा प्रयोग झाला. त्यानंतर पुन्हा टेट्रापॉडचा (काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांचा) मोठा बंधारा आलाच. बंधारा नको असं मी म्हणत नाही. मिऱ्याला मागे भरवस्ती आहे, तिथे दुसरं काय करणार? पण दहा-पंधरा घरांच्या वाडीसाठी तो कोण, किती वर्षं राखणार?

अक्कलकोट_रोड

मला यातलं फारसं पटत नाही. समुद्र वर्षाला तीन-चार मिलिमीटर वाढतो म्हणे. शंभर वर्षांत कमरेएवढाही होत नाही. कोकणात भरती-ओहोटीचाच फरक दोन-चार मीटर असतो. रोज एवढं पाणी वरखाली होतंय ते चालतं, आणि बोटभर वाढलं की आपत्ती? वाळू उपसा करतात, किनाऱ्याला चिकटून हॉटेलं बांधतात आणि खापर हवामानावर. आमच्याकडे दुष्काळ पडला की माणूस मुकाट्यानं पुण्याला जातो, कुणी आराखडा करत नाही.

भूगोलवाल्या_मॅडम

अक्कलकोट_रोड, आकडा बरोबर आहे, हिशोब चुकतोय.

आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) सहाव्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत वेग वर्षाला १.३ मिमी होता, २००६ ते २०१८ मध्ये ३.७ मिमी. वेगच वाढतोय, त्यामुळे साधा गुणाकार करून चालत नाही. २१०० पर्यंत उत्सर्जन फार कमी केलं तर २८ ते ५५ सेंमी, बेसुमार राहिलं तर ६३ ते १०१ सेंमी, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे कमरेपर्यंतची गोष्ट अगदीच हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

आता भरतीचं. किनाऱ्यावरचं सगळं बांधकाम, खारबांध (खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेले बांध), जेटी, घरांची जोती, मोठ्या उधाणाचं पाणी कुठवर येतं ते बघून केलेलं असतं. वर हात-दोन हात सोडलेले असतात, तेवढीच मोकळीक. त्या मोकळिकीतले वीस-तीस सेंटिमीटर समुद्रानं घेतले की पूर्वी क्वचित बांधावरून जाणारं पाणी वारंवार जायला लागतं. पेण-अलिबागकडे खारबांधाला खांड पडून भातशेतीत खारं पाणी शिरतं. एकदा शिरलं की जमिनीतला खार धुऊन निघायला काही पावसाळे जावे लागतात. विहिरींचंही तसंच, गोड्या पाण्याखालून खारं पाणी आत सरकतं, आणि उपसा जास्त असेल तर लवकर सरकतं.

शिवाय नदीतून पूर येतोय आणि खाडीत भरती आहे, तेव्हा पाण्याला निघायला वाटच नसते. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टी, धरणातून सोडलेलं पाणी आणि भरती हे सगळं एकत्र आलं. वाळू उपशाबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. तो ग्रामपंचायतीच्या डोळ्यांसमोर होतो.

चाटीगल्ली

मॅडम, दहावीला तुम्ही असत्या तर भूगोलात पास झालो असतो.

मापफूट

नगररचना खात्यात नोकरी केली, आता निवृत्त. सीनाकाठ यांच्या मूळ प्रश्नाकडे वळतो.

किनाऱ्यावर रेषा आखलेल्या आहेत. पहिली किनारा नियमन अधिसूचना १९९१ ची, दुसरी २०११ ची, सध्याची २०१९ ची. २०११ च्या अधिसूचनेत धोकारेषा आली. भारतीय सर्वेक्षण विभागानं ती देशभराच्या किनाऱ्यावर आखली. त्यात भरती, लाटा, किनाऱ्याची झीज आणि समुद्रपातळीतली वाढ हे सगळं धरलं आहे. झालं, अशी चांगली रेषा मिळाली. पण २०१९ च्या अधिसूचनेत तिचं काम फक्त आपत्ती नियोजनापुरतं ठेवलं. बांधकामाचा निर्बंध ठरतो तो भरतीरेषेपासूनच्या अंतरावर. ग्रामीण भागात २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त वस्ती असेल तर ५० मीटर, नसेल तर २०० मीटर ना-विकास पट्टा. म्हणजे घर धोकारेषेच्या आत आहे एवढ्या कारणावर परवानगी नाकारता येत नाही.

आपल्या भीमेची गोष्ट वेगळी. निळी पूररेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या. निळीच्या आत बांधकाम नाही, निळी ते लाल सशर्त. कागदावर नियम आहे. तरी पंढरपुरात वरून पाणी सोडलं की व्यासनारायण झोपडपट्टीतली माणसं दर खेपेला हलवावी लागतातच. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेनं किती गावांना रेषा दाखवली ते आपण पाहिलंय.

तेव्हा भाच्याला सांगा, किनारा व्यवस्थापन आराखड्याचे १:४००० चे नकाशे असतात. त्यावर गावाचा गटवार नकाशा ठेवून कुठली घरं धोकारेषेच्या समुद्राकडच्या बाजूला येतात ते आधी बघायचं. हे फुकटात होतं आणि ग्रामपंचायत स्वतः करू शकते.

शेळगीकर

नदी-समुद्र राहू द्या हो. आमच्याकडं हिप्परग्याच्या तलावाचा सांडवा वाहिला आणि वरून पाऊस झाला की आदिला नदीचं पाणी दारात. नाल्यावर घरं, घरांवर मजले. तिथं कुठल्या रंगाची रेषा हाय मापफूट साहेब?

मापफूट

मालक, तिथली रेषा नगरसेवकांना विचारा.

शेळगीकर

😀 समजलं.

धरणग्रस्त_करमाळा

सगळे बंधाऱ्यावर आणि रेषेवर बोलताय. सीनाकाठ यांनी खरा प्रश्न टाकलाय, वाडीनं राहायचं कुठं. त्यावर मला बोलू द्या, कारण सोलापूर जिल्ह्याला गाव उठवण्याचा अनुभव कोकणापेक्षा जास्त आहे.

आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात आहे. धरण १९८० ला पूर्ण झालं, त्याच्या आधीच गाव उठलं. घरी आजी सांगायची ते आणि पुढं मी डोळ्यांनी बघितलं ते, दोन्ही मिळून सांगतो. गाव एकदम उठत नाही. ज्याच्याकडं पैसा आणि ओळख, तो आधी निघून चांगली जागा धरतो. मग मधले. शेवटी पाणी दारात आल्यावर जे निघतात, त्यांना जागा मिळते ती माळावरची, खडकाळ. नव्या गावठाणात प्लॉट पडले ते फायलीतल्या क्रमानं. पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिलेली घरं चार गल्ल्यांत फुटली. नियमाप्रमाणे अठरा नागरी सुविधा द्यायच्या असतात. रस्ता, शाळा, स्मशानभूमी, पाणी, सगळं त्यात येतं. आमच्याकडं देवळाला जागा आखलेली होती, स्मशानभूमीला रस्ता नव्हता. अंत्ययात्रा दुसऱ्याच्या उसातनं जायची आणि त्यावरनं भांडणं.

आणि एक गंमत बघा. बरीच माणसं परत पाण्याच्या काठाला गेली. उन्हाळ्यात धरण उतरलं की गाळाची जमीन उघडी पडते, तिच्यात गाळपेर होतं. ज्याला नव्या गावात पोट भरता येईना, तो काठावर छप्पर टाकून राहिला. काही जण मासे धरायला शिकले. सरकारनं घर हलवलं, पोट तिथंच राहिलं.

म्हणून भाच्याला सांगा, हलायचंच असेल तर वाडी एकत्र हलली पाहिजे, आणि पाणी दारात यायच्या आधी बोलणं सुरू झालं पाहिजे. उशिरा निघणाऱ्याला माळच मिळतो.

विजापूर_वेस

किल्लारीलाही असंच झालं. १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावं पूर्ण नव्या जागी बसवली. आमचे पाहुणे आहेत तिथे. घरं मजबूत, रस्ते रुंद, पण एका घराचा आवाज दुसऱ्या घराला जात नाही. गुरं बांधायला जागा नाही म्हणून आत्यानं पहिल्याच वर्षी मागच्या बाजूला पत्र्याचा गोठा काढला. वाड्यात राहिलेल्या माणसाला चौकोनी खोल्या देऊन पुनर्वसन झालं म्हणायचं.

अक्कलकोट_रोड

म्हणजे हलवलं तरी बोंब, नाही हलवलं तरी बोंब.

धरणग्रस्त_करमाळा

हलवणाऱ्यानं विचारून हलवलं की बोंब कमी होते मालक. आमच्याच भागात एक भावकी स्वतः जागा बघून, सगळी मिळून गेली. त्यांचं आज उत्तम चाललंय.

बाहेरगावी_सोलापूरकर

भुवनेश्वरला नोकरीला आहे. ओडिशात केंद्रपाडा जिल्ह्यात सातभाया नावाचा गावांचा समूह होता. समुद्रानं एकेक गाव गिळत आणला. शेवटी सरकारनं उरलेल्या ५७१ कुटुंबांना बागपतिया इथे वसाहत करून दिली. समुद्रामुळे सरकारनं योजना आखून गाव हलवल्याचं आपल्या देशातलं हे पहिलं मोठं उदाहरण मानतात. लाटांपासून लोक वाचले, पण घरापुरती जागा मिळाली, शेती मिळाली नाही. पुरुषमंडळी कामासाठी परराज्यात जातात. करमाळ्याच्या दादांनी लिहिलं तेच.

केरळनं दुसरी रीत काढली. तिथल्या पुनर्गेहम योजनेत भरतीपासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्या मच्छीमार कुटुंबाला १० लाख रुपये मिळतात, ६ लाखांपर्यंत जागेसाठी आणि बाकी घरासाठी. जागा कुटुंबानंच शोधायची. स्वातंत्र्य आहे, पण किनाऱ्याजवळ ६ लाखांत जागा कोण देतो? मग काही जणांच्या वाट्याला लांबचे फ्लॅट आले.

माहेर_वेंगुर्ले

माझा मुद्दा तोच आहे, आणि करमाळ्याच्या दादांशी थोडी असहमतीही आहे. शेतकऱ्याला दुसरीकडे जमीन देता येते, निदान कागदावर तरी. रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराला, दुसरा समुद्र कुठून देणार? होडी पुळणीवर असते, जाळी तिथेच सुकतात, पहाटे वाऱ्याचा रोख बघून ठरतं जायचं की नाही. मच्छी लिलावाला बायका तिथेच बसतात. घर पाच किलोमीटर आत गेलं की रोजची रिक्षा आणि होडीला राखणदार.

तामिळनाडूत २००४ च्या त्सुनामीनंतर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आतल्यांना सांगितलं होतं, मागे या तर घर देऊ. तिथेच राहायचं असेल तर राहा, पण दुरुस्तीला सरकारी मदत नाही. पुष्कळ मच्छीमारांच्या मनात भीती बसली की आपण उठलो की किनारा हॉटेलवाल्यांचा. ही भीती कोकणातही आहे. तुम्ही आराखड्यात "स्थलांतर" एवढंच लिहिलंत तर ग्रामसभेत खुर्च्या उडतील. घर वर आणि किनारा आमच्या नावावर, असं दोन्ही एकदम लिहिलंत तर ऐकून तरी घेतील.

धरणग्रस्त_करमाळा

ताई, हे बरोबर. आमच्याकडं जुन्या जागेवर पाणीच होतं, तिथं हॉटेल काढायला कोण येणार होतं! तुमच्याकडं जागा मोकळी पडते, हा फरक माझ्या डोक्यात आला नव्हता.

पंचायतसमिती_टेबल

पैशाचं कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो.

पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि ४० टक्के अबंधित होते. छोट्या ग्रामपंचायतीला त्यात बंधारा स्वप्नातही बसत नाही. बंधारा सागरी मंडळाकडे, खारबांध खारभूमी विभागाकडे, सुरूचं बन वनखात्याकडे, घराची नुकसानभरपाई तहसीलदारांकडे. ग्रामपंचायतीकडे उरतं काय, तर घरपट्टीचं रजिस्टर आणि ठरावाची वही. पण ही दोन्ही हलकी समजू नका.

आपत्ती निवारण निधीच्या ठरलेल्या यादीत चक्रीवादळ आहे, पूर आहे, दुष्काळ आहे, गारपीट आहे. किनाऱ्याची झीज नाही. निसर्ग वादळात (जून २०२०) घर पडलं त्याला भरपाई मिळाली. तेच घर दर वर्षी हातभर करत समुद्रात गेलं तर तारीखच नसते, पंचनामा कशाचा करणार? पंधराव्या आयोगानं २०२१-२६ साठी झीज रोखायला १५०० कोटी आणि झिजेमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला १००० कोटी अशी शिफारस केली होती, तीही सगळ्या देशासाठी. असा पैसा मागायचा तर प्रस्ताव जिल्ह्यातून वर गेला पाहिजे, आणि त्याला जोडायला पुरावा लागतो. पुरावा गावातूनच येणार.

म्हणून बंधित निधीतून खालच्या वाडीला वरच्या गोड्या विहिरीवरून नळयोजना घ्या, ती हमखास मंजूर होते. झीज मोजायला पक्क्या खुणा रोवा आणि दर पावसाळ्याआधी-नंतर अंतर मोजून ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहा. खर्च शून्य.

कडकभाकरी

पंचायत समितीच्या टेबलावरनं इतकं मोफत ज्ञान पहिल्यांदा मिळायलंय.

पंचायतसमिती_टेबल

चहा पाठवा मग.

सीनाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. भाच्यानं पूर्ण धागा वाचला. त्यानं कच्चा मसुदा केलाय, थोडक्यात सांगतो. बंधाऱ्याची मागणी ठेवली आहे, कारण ती काढली तर सरपंचच सही करणार नाहीत. पण खालीच नळयोजना, खुणा रोवून मोजणी, आणि धोकारेषेच्या समुद्राकडची घरं नावानिशी, असं घातलंय. वाळू उपशाविरुद्ध वेगळा ठराव.

घरांची यादी करताना नवीनच निघालं. निम्म्या घरांना घरपट्टी आहे, पण जागेचा कागद कुणाच्याच नावावर नाही. आजोबांनी झोपडी घातली, नातवानं जांभ्याचं घर बांधलं, जमीन सरकारी. उद्या पुनर्वसन आलं तर ही माणसं अतिक्रमण ठरणार का?

दुसरं, वर सड्यावर (डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर) गावाचं गायरान आहे. तरुण पोरं म्हणतात तिथे प्लॉट पाडून द्या. म्हातारी मंडळी म्हणतात सड्यावर पाणी नाही, आणि ओझं घेऊन पाखाडी (दगडी पायवाट) चढायची कुणी?

मापफूट

गायरान सोपं नाही. २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून गायरान आणि गावच्या सार्वजनिक जमिनींबाबत यंत्रणा फार सावध आहे. ग्रामपंचायत स्वतःच्या अधिकारात एक गुंठाही देऊ शकत नाही. ग्रामसभेचा ठराव, मग तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी. सार्वजनिक प्रयोजन पटवावं लागेल आणि दुसरी जागा नाही हेही दाखवावं लागेल. वर्षं जातात. म्हणून आत्ताच ठराव करा, घर पडल्यावर करू नका.

कागद नसलेल्या घरांचं, घरपट्टीचे जुन्यात जुने उतारे, वीजबिलं, मतदारयादी, मच्छीमार सोसायटीची सभासद नोंद, जे मिळेल ते घरवार फाइल करून ठेवायला सांगा. पुनर्वसनात तारखेला फार महत्त्व असतं.

माहेर_वेंगुर्ले

सड्यावर पाणी नाही हे म्हातारे खरं सांगतायत. कातळात बोअर मारून काही हाती लागेल याचा नेम नाही. जागा बघायचीच असेल तर सड्याच्या खालच्या उतारावर, जिथे झरे असतात तिथे खाजगी जमिनी कुणाच्या आहेत ते बघा, पुष्कळशा मुंबईकरांच्या पडीक असतील. आणि घरं वर गेली तरी खाली होड्यांची शेड, जाळी ठेवायची खोली आणि मच्छी लिलावाची जागा ग्रामपंचायतीच्या नोंदीत आधी लावून घ्या. ते झालं नाही तर एकही बाई ठरावाला हात वर करणार नाही.

अक्कलकोट_रोड

मुंबईकर पडीक जमीन देतील? आमच्या भावकीत अर्ध्या एकराच्या बांधावरून बोलणं बंद आहे. सामायिक सातबारा असणार, चाळीस नावं असणार.

सीनाकाठ (धागाकर्ता)

भाचा म्हणतो एका गटाला त्रेसष्ट आहेत.

अक्कलकोट_रोड

मग खुणा रोवून घ्या आधी.